आवाज न चढवता वर्ग कसा सांभाळला जातो?

सहावीची एक तुकडी. तिसऱ्या तासिकेला त्या वर्गातून एवढा गलका येतो, की शेजारच्या वर्गाला दार लावून घ्यावं लागतं. चौथ्या तासिकेला त्याच बाकांवर तीच मुलं वहीत डोकं घालून उदाहरणं सोडवत असतात. घंटा झाली, सर गेले, बाई आल्या, एवढाच काय तो फरक. या बाई ओरडत नाहीत, टेबलावर पट्टी आपटत नाहीत, कुणाला अंगठे धरून उभंही करत नाहीत.

जवळपास प्रत्येक शाळेत असे एक-दोन शिक्षक असतात. त्यांच्याबद्दल बाकीचे दोन गोष्टी बोलतात: 'त्यांचा वचकच तसा आहे' किंवा 'त्यांना ते उपजतच जमतं'. दोन्ही उत्तरांनी विषय तिथेच संपतो, कारण वचक काय आणि उपजत गुण काय, शिकता येत नाहीत. पण असे शिक्षक नेमकं काय करतात, याचा अभ्यास गेली साठ-सत्तर वर्षं होत आला आहे. त्यातून दिसतं ते असं, की त्यांचा शांतपणा बारीकसारीक कृतींचा बनलेला असतो. त्या कृती डोळ्यांनी पाहता येतात, त्यांमागचं कारण समजून घेता येतं आणि सरावानं त्या अंगवळणी पडतात.

इथे विषय आहे तो किरकोळ खोड्यांचा. शेजाऱ्याशी कुजबुज, बाकावर ठेका, कागदाचे बोळे, दर दहा मिनिटांनी 'पाणी प्यायला जाऊ?', उगाचच पेन्सिल तासत बसणं, 'बाई, हा बघा ना मला ढकलतोय' ही तक्रार. मारामारी किंवा एखाद्या मुलाचा छळ हा वेगळा विषय आहे आणि त्याचा उल्लेख पुढे येईल.

एकेक खोडी पाहिली तर क्षुल्लकच वाटते. वेळ जातो तो तिच्यावरच्या प्रतिक्रियेत. कंपासपेटीचा आवाज पाच सेकंदांचा असतो आणि त्यावरचं भाषण एका मिनिटाचं. ३५ मिनिटांच्या तासिकेत अशी पाच भाषणं झाली की तासाचा सातवा हिस्सा गेला. तोही वर्गातल्या सगळ्या मुलांचा.

'खाली बस' म्हटल्यानं काय होतं?

खोडी टिकते कशावर, हे आधी पाहू. मुलाला लक्ष हवं असतं, आणि हा काही त्याचा दोष नाही. चाळीस जणांच्या वर्गात एका मुलाच्या वाट्याला शिक्षकाची नजर किती वेळा येते? नीट बसून लिहिणाऱ्याकडे कुणी बघत नाही. उभं राहिलं की मात्र लगेच नाव घेऊन हाक येते. ती हाक रागाची असली तरी ती त्याच्या एकट्यासाठी असते.

१९६८ साली अमेरिकेत वेस्ली बेकर आणि चार्ल्स मॅडसन यांच्या गटानं पहिलीच्या वर्गात हे तपासून पाहिलं. मुलं सारखी जागेवरून उठत होती. शिक्षिकांना काही दिवस 'खाली बस' असं नेहमीपेक्षा जास्त वेळा सांगायला लावलं, तेव्हा उठणाऱ्या मुलांचं प्रमाण कमी होण्याऐवजी वाढलं. नंतर नीट बसून काम करणाऱ्यांचं कौतुक करायला सांगितलं, तेव्हा उठणं कमी झालं.

मग शिक्षक 'खाली बस' म्हणणं सोडत का नाहीत? कारण सांगितल्यासरशी मूल बसतं. त्या क्षणापुरता उपाय लागू पडतो, आणि शिक्षकाला वाटतं, ओरडल्याचा उपयोग झाला. दहा मिनिटांनी तेच मूल पुन्हा उठतं, पण तोवर पहिला प्रसंग मागे पडलेला असतो. दोघांनाही आपापलं काहीतरी मिळतं: मुलाला लक्ष आणि शिक्षकाला क्षणभराची शांतता. म्हणून हे चक्र वर्षभर फिरत राहतं आणि दोघंही दमतात.

याच गटानं त्याच वर्षी आणखी एक निष्कर्ष मांडला. वर्गाचे नियम भिंतीवर लावून किंवा रोज म्हणून घेऊन फारसा फरक पडत नाही. किरकोळ खोडीकडे काणाडोळा आणि त्याच वेळी चांगल्या वागण्याची दखल, या दोन्ही गोष्टी एकत्र केल्या की फरक पडतो. यातली पहिली एकटी करू नये. नुसतं दुर्लक्ष केलं तर खोडी सुरुवातीला वाढते, कारण नेहमीचं लक्ष मिळेना म्हटल्यावर मूल आवाज वाढवून बघतं. अनेक शिक्षक नेमके याच टप्प्यावर 'दुर्लक्ष करून काही होत नाही' म्हणून पुन्हा ओरडू लागतात. त्यातून मुलाला धडा मिळतो तो हा, की जास्त आवाज केला की बाई बघतातच.

दखल घेतानाही शब्द नेमके हवेत. 'शाब्बास, गुणी मुलगी' यातून वर्गाला काही कळत नाही. 'दुसऱ्या ओळीनं वह्या उघडल्या, तारीखही घातली' असं म्हटलं, की काय अपेक्षित आहे ते बाकीच्या ओळींना न सांगता समजतं.

चारचौघांत आणि कानात

१९७० साली डॅनियल ओलिअरी आणि सहकाऱ्यांनी प्राथमिक वर्गांत एक साधा प्रयोग केला. वर्गात व्यत्यय आणणाऱ्या मुलांना शिक्षिका बहुतेक वेळा सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात दटावत होत्या. त्यांना सांगितलं, की दटावायचं तेवढंच दटावा, पण त्या मुलालाच ऐकू जाईल इतक्या हळू. बहुतेक मुलांचा व्यत्यय कमी झाला. मोठ्यानं दटावणं पुन्हा सुरू केल्यावर तो वाढला आणि हळू बोलण्याकडे परतल्यावर पुन्हा उतरला.

फरक प्रेक्षकांचा आहे. मोठ्यानं नाव घेतलं की पूर्ण वर्गाच्या माना वळतात. मग त्या मुलापुढे शिक्षकाचं ऐकायचं की मित्रांसमोर मान राखायचा, असा पेच उभा राहतो. सहावी-सातवीनंतरच्या वयात मित्रांच्या नजरेतली किंमत फार मोठी असते. तिथे मूल उलट उत्तर देतं, हसतं किंवा खांदे उडवतं. त्याला शिक्षकाचा अपमान करायचा असतोच असं नाही. त्याला स्वतःचा मान वाचवायचा असतो. तेच शब्द बाकाजवळ वाकून हळू सांगितले, तर हरण्या-जिंकण्याचा प्रश्नच येत नाही.

एकाला बोललेलं चाळिसांपर्यंत पोहोचतं

वर्ग सांभाळण्याच्या शास्त्रात जेकब कुनिन हे नाव महत्त्वाचं आहे. डेट्रॉइटच्या वेन स्टेट विद्यापीठातले हे मानसशास्त्रज्ञ. कॉलेजच्या वर्गात वर्तमानपत्र उघडून बसलेल्या एका विद्यार्थ्याला ते बोलले, तेव्हा त्यांच्या लक्षात आलं, की ज्यांना काहीच बोलले नव्हते तेही सावरून बसले. एकाला दिलेल्या समजेचा परिणाम पाहणाऱ्या सगळ्यांवर होतो. याला त्यांनी तरंग-परिणाम म्हटलं आणि पुढे बालवाडीच्या वर्गांत तो तपासला.

तिथे दोन गोष्टी स्पष्ट झाल्या. समज देताना कुणाला, काय थांबवायचं आणि त्याऐवजी काय करायचं, हे स्पष्ट सांगितलं तर पाहणारी मुलंही सुधारून बसतात. चिडून, दरडावून सांगितलं तर त्यांचं वागणं सुधारत नाही, ती फक्त अस्वस्थ होतात. 'काय चाललंय तिकडे मागे?' या वाक्यात ना नाव आहे, ना चूक, ना पुढचं काम. 'सायली, बोलणं थांबव, चौथं उदाहरण सोडव' या वाक्यात तिन्ही आहेत, आणि ते साध्या आवाजात म्हणता येतं.

खरं काम खोडीच्या आधी

कुनिन यांचा खरा शोध मात्र पुढे आहे. त्यांनी अनेक वर्गांचं व्हिडिओ चित्रण केलं आणि शांत वर्ग व गोंधळाचे वर्ग यांची तुलना केली. अपेक्षा अशी, की चांगले शिक्षक खोडीनंतर काहीतरी वेगळं करत असतील. तसं आढळलं नाही. दटावण्याच्या पद्धतीवरून चांगला आणि कमी चांगला शिक्षक ओळखता येत नव्हता. फरक होता तो खोडी होण्याआधी शिक्षक काय करतात त्यात. १९७० साली त्यांनी हे पुस्तकरूपानं मांडलं.

पहिला फरक सावधपणाचा. असे शिक्षक फळ्यावर लिहितानाही अंग थोडं तिरपं ठेवतात, एका मुलाची वही तपासताना मधूनच मान वर करतात, बोलताना नजर मागच्या कोपऱ्यापर्यंत फिरवतात. बाईंना सगळं दिसतं, हे मुलांना त्यातून कळतं. त्यामुळे त्यांची समज योग्य मुलाला आणि वेळेवर मिळते. चुकीच्या मुलाला बोललं, किंवा कुजबुज चार बाकांवर पसरल्यावर बोललं, तर उपयोग होत नाही. दूध तापवताना कडेनं साय हलायला लागली की आच कमी करायची असते. ते उतू गेल्यावर ओटा पुसण्यात वेळ जातो. वर्गातही कडेची ती पहिली हालचाल टिपण्यालाच महत्त्व आहे.

दुसरा फरक एका वेळी दोन कामं सांभाळण्याचा. आपल्याकडे द्विशिक्षकी शाळांतले शिक्षक हे रोज करतात. पहिलीचा गट मणी मोजतो आहे, दुसरीचा गट वाचतो आहे. मध्येच एक मूल वही दाखवायला येतं. शिक्षक वाचन न थांबवता हात पुढे करून वही घेतात, मानेनंच 'बस' म्हणतात आणि वाचणाऱ्या मुलीचा पुढचा शब्द दुरुस्त करतात. धडा तुटत नाही, आणि धडा तुटला नाही की खोडीला फट मिळत नाही.

तिसरा फरक तासाच्या ओघाचा. बहुतेक गोंधळ एक काम संपून दुसरं सुरू होण्याच्या सांध्यावर होतो. 'पुस्तकं मिटा, वह्या काढा... अरे, काल गृहपाठ कोणी केला नव्हता? उभे राहा... बरं, बसा... हां, वह्या काढल्या का?' या वाक्यांत चाळीस मुलांना काय करायचं ते कळत नाही, आणि रिकाम्या हातांना काहीतरी उद्योग लागतोच. त्याऐवजी 'पुस्तक मिटा' म्हणून थांबायचं, सगळ्यांची मिटलेली पाहायची आणि मगच पुढची सूचना द्यायची.

चौथा फरक कामाच्या ओढीचा. गिजुभाई बधेका यांच्या 'दिवास्वप्न' या गुजराती पुस्तकातला नवा शिक्षक पहिल्याच दिवशी शांततेचा खेळ घ्यायला जातो आणि वर्गात गोंधळ माजतो. मग तो गोष्ट सांगायला घेतो आणि तीच मुलं कान देऊन ऐकू लागतात. मन गुंतेल असं काम समोर असलं, की शांतता मागून येते.

एक प्रसंग, पायरीपायरीनं

एवढं करूनही खोड्या होणारच. तेव्हा शांत शिक्षक सगळ्यांत लहान उपायापासून सुरुवात करतात आणि गरज पडली तरच पुढच्या पायरीवर जातात.

फळ्यावर दोन तृतीयांश अधिक एक चतुर्थांश. तिसऱ्या बाकावरचा एक मुलगा, समजा त्याचं नाव रोहन, कंपासपेटीचं झाकण टकटक वाजवतो आहे. बाई विचारतात, "तीन आणि चार, दोघांच्याही पाढ्यात येणारी सगळ्यांत लहान संख्या कोणती?" विचारता विचारता त्या चालत तिसऱ्या बाकापाशी येतात आणि उत्तर द्यायला पलीकडच्या मुलीला खुणावतात. रोहनकडे त्या बघतही नाहीत. "बारा," मुलगी म्हणते. तोवर टकटक थांबलेली असते.

पाच मिनिटांनी आवाज पुन्हा येतो. आता बाई वाकून हळूच म्हणतात, "रोहन, पेटी दप्तरात ठेव आणि छेद लिही." एवढं बोलून त्या पुढच्या बाकाकडे निघून जातात. हे निघून जाणं महत्त्वाचं आहे. समोर उभं राहून रोखून बघितलं असतं, तर पेटी आत ठेवणं ही सगळ्यांसमोरची शरणागती झाली असती. पाठ फिरल्यावर ते त्याला आपल्या मनानं करता येतं.

तो पुटपुटतो, "मी एकटाच नव्हतो, तोपण वाजवत होता." इथे अनेकांचा पाय घसरतो, कारण आता कुणी किती वाजवलं याची चौकशी सुरू होऊ शकते. बाई म्हणतात, "असेल. आता छेद लिही." वाद वाढायला दुसरी बाजूच उरत नाही.

तरीही थांबलं नाही तर दोन पर्याय द्यायचे, आणि दोन्ही शिक्षकाला चालण्याजोगे हवेत: "पेटी दप्तरात ठेवतोस की तास संपेपर्यंत माझ्या टेबलावर ठेवू?" मुलाच्या हातात निवड राहते आणि आवाज मात्र बंद होतो. त्यानंतरची पायरी तास संपल्यावरची: एकट्याला थांबवून दोन मिनिटं बोलणं, काय झालं, त्याचा कुणाला त्रास झाला, उद्या काय करायचं.

बहुतेक वेळा गोष्ट तिथवर जात नाही. थोड्या वेळानं बाई रोहनच्या वहीत डोकावतात. "छेद बरोबर काढलास. आता अंश बघ." त्याला बाईंचं लक्ष मिळालं, पण या वेळी गणितासाठी मिळालं.

शिक्षकाचा राग कुठे ठेवायचा?

शिक्षकही माणूसच आहे. सलग पाचवा तास, शहरातल्या कित्येक शाळांत पन्नास-साठ मुलांची तुकडी, त्यात कुणीतरी तोंडानं आवाज काढतं. रागात छातीचे ठोके वाढतात, श्वास आखूड होतो, आवाज आपोआप चढतो आणि जिभेवर येतो तो पहिला शब्द बाहेर पडतो. समोरच्या मुलाच्या शरीरातही तेच घडू लागतं. एकाच्या चढलेल्या आवाजाला दुसऱ्याचा चढलेला आवाज उत्तर देतो. बाकीच्या वर्गाचं लक्षही गणितावरून उडून 'आता काय होणार' याकडे लागतं. घाबरलेलं मूल गप्प दिसतं, पण शिकत नसतं.

म्हणून अनुभवी शिक्षक रागाच्या क्षणी विचार करण्यावर भिस्त ठेवत नाहीत. त्यांचं ठरलेलं असतं. आधी एक लांब उच्छ्वास, मग दोन पावलं त्या दिशेनं, मग नेहमीपेक्षा हळू आवाजात आधीच ठरवून ठेवलेलं एक छोटं वाक्य. आवाज खाली आला की ऐकण्यासाठी वर्गालाही गप्प व्हावं लागतं. हे सुरुवातीला ओढूनताणून करावं लागतं, सरावानं सहज होतं.

शांत राहणं म्हणजे सोडून देणं नाही

मारहाण, धमकावणं, जातीवरून, दिसण्यावरून किंवा अपंगत्वावरून चिडवणं, कुणाला इजा होईल असं काही करणं, यांकडे काणाडोळा करून चालत नाही. तिथे ताबडतोब थांबवायचं, त्रास झालेल्या मुलाला आधी सांभाळायचं आणि मुख्याध्यापक व पालकांना सोबत घ्यायचं. आवाज तेव्हाही शांतच ठेवायचा, पण शब्द ठाम हवेत.

खोडी किरकोळच असेल, पण पुन्हा पुन्हा होत असेल, तर तिची नोंद ठेवावी: कोणता तास, कोणतं काम, आधी काय झालं. एखादा मुलगा मोठ्यानं वाचायची पाळी जवळ आली की दरवेळी पाणी प्यायला जातो, असं त्या नोंदीत दिसू शकतं. त्याची अडचण शिस्तीची नसून वाचनाची असते. कुणाला फळा दिसत नसतो, कुणाला नीट ऐकू येत नसतं, कुणी सकाळपासून उपाशी असतं, कुणाला काम फार अवघड किंवा फार सोपं असतं. काही मुलांना एका जागी बसणं खरोखरच जड जातं आणि त्यांना तज्ज्ञांच्या मदतीची गरज असते. शिक्षा केली की ही कारणं झाकली जातात.

कायदाही याच बाजूचा आहे. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नुसार मुलाला शारीरिक शिक्षा करायला आणि त्याचा मानसिक छळ करायला मनाई आहे, आणि तसं करणाऱ्यावर सेवानियमांनुसार शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते. याच कायद्यात प्राथमिक वर्गांसाठी ३० मुलांमागे एक शिक्षक हे प्रमाणही आहे. छडी बाजूला ठेवायला सांगणारा कायदा आणि वर्ग लहान असावा म्हणणारा कायदा एकच आहे. शिक्षकांकडून पहिल्याची अपेक्षा करताना शासनानं आणि संस्थांनी दुसऱ्याचं पालन करायला हवं.

---
थोडक्यात

• किरकोळ खोडी लक्षावर आणि प्रेक्षकांवर जगते. दोन्ही कमी करा.
• नीट काम करणाऱ्यांची दखल नेमक्या शब्दांत घ्या.
• समज हळू आवाजात, त्याच मुलापुरती द्या. तिच्यात नाव, चूक आणि पुढचं काम असू द्या.
• आधी नजर आणि जवळ जाणं, मग एक वाक्य, मग दोन पर्याय, मग तासानंतर बोलणं.
• एका वेळी एकच सूचना द्या. ती पूर्ण झाल्यावर पुढची.
• खोडी वारंवार होत असेल तर नोंद ठेवा आणि कारण शोधा.
• इजा किंवा छळ असेल तर लगेच हस्तक्षेप करा.
---

शेवटी मुख्याध्यापकांना आणि पालकांना एक विनंती. व्हरांड्यातून जाताना कुठल्या वर्गातून आवाज येत नाही यावरून शिक्षकाची पारख करू नका. गटात चर्चा करणाऱ्या वर्गात आवाज असणारच, आणि भीतीनं गप्प बसलेल्या वर्गातही शांतता असते. नव्या शिक्षकांना अनुभवी सहकाऱ्याच्या तासाला मागच्या बाकावर बसून पाहण्याची संधी द्या, कारण यातलं बरंचसं पाहूनच शिकता येतं. आणि शिक्षकांनो, सगळं एकदम बदलायला जाऊ नका. उद्याची एक तासिका निवडा आणि त्या तासात कुणालाही मोठ्यानं न दटावता फक्त जवळ जाऊन हळू बोला. दोन-तीन आठवडे हे नेमानं करा, मगच ते जमतं की नाही ते ठरवा.